पाडलेल्या घराचा धनी

हैदराबादेत कोटीकडून येताना चादरघाटचा पूल ओलांडला की मुशी नदी मागे पडते आणि मलकपेठ लागते. इथे एखादे जुने घर पाडायला काढले की त्याचा निकाल चार-सहा दिवसांत लागतो. सागवानी चौकटी, खिडक्यांचे गज, नळ, स्लॅबमधून उपटलेल्या सळ्या यांचे गिऱ्हाईक आधीच ठरलेले असते. ते सगळे निघून गेल्यावर विटांचे तुकडे, गिलाव्याचे पापुद्रे, काँक्रीटची ढेकळे आणि फुटक्या टाइल्स यांचा जो ढीग उरतो तो टिपरमध्ये भरून, बहुधा रात्री, बाहेर काढला जातो. टिपर कुठे रिकामा होणार हे घरमालक विचारत नाही आणि ठेकेदार आपण होऊन सांगत नाही. शहर वाढले, बांधकामे वाढली, म्हणून राडारोडा वाढला, असे याचे नेहमीचे स्पष्टीकरण. ते खोटे नाही, पण अपुरे आहे. शहरे पूर्वीही वाढत, घरे पूर्वीही पडत आणि पाडली जात. तेव्हा पडलेल्या घराला धनी असे. त्यातला दगड, लाकूड, वीट यांना पुन्हा भाव येत असे, आणि ज्या वस्तूला भाव असतो तिला रस्त्यावर टाकून कुणी जात नाही. हा धनी कसा नाहीसा झाला, ते मलकपेठेच्या दीड-दोनशे वर्षांत पुरेसे स्पष्ट दिसते. त्याला कायद्याने पुन्हा उभे करता येईल का, हा आजचा खरा प्रश्न आहे. राडारोडा उचलायला गाड्या किती हव्यात, हा त्यानंतरचा.

पेठेचे नाव गोवळकोंड्याच्या अब्दुल्ला कुतुबशहाच्या पदरच्या मलिक याकूब या सेवकावरून पडले, असे सांगतात. पण मलकपेठेचा आजचा तोंडवळा घडला तो असफजाही काळात, शहराच्या तटाबाहेरचा मोकळा भाग म्हणून. निजामाच्या फौजेतला फ्रेंच सेनानी रेमाँ १७९८ मध्ये वारला, त्याची समाधी इथल्याच एका टेकडावर बांधली गेली. लोकांनी त्याच्या नावाचे ‘मूसा राम’ केले आणि शेजारची वस्ती मूसारामबाग झाली. १८३१ मध्ये चादरघाटला पूल झाला. १८८५ च्या सुमारास सर आस्मानजाह यांनी टेकडीवर आस्मानगढ हा किल्लेवजा दगडी महाल उभारला, आणि १८८६ मध्ये सहाव्या निजामाने, महबूब अली खानांनी, घोड्यांच्या शर्यती मौलालीहून मलकपेठेत आणल्या. शर्यतींमागोमाग उमराव आणि अधिकाऱ्यांचे बंगले आले, बंगल्यांमागोमाग त्यांच्या नोकरचाकरांची, गवंड्यांची, गाडीवानांची घरे आली. म्हणजे घडीव ग्रॅनाइटचा महाल, चुन्यातला बंगला आणि मातीच्या भिंतींचे कौलारू घर ही तिन्ही इथे एका हाकेच्या अंतरावर होती. हैदराबादेत दगड लांबून आणावा लागत नसे, तो पायाखालीच होता. तरीही तो फुकट नव्हता. ग्रॅनाइट फोडणे, घडवणे, गाड्यावर घालून आणणे हे सगळे वडार आणि पाथरवट यांच्या हातांनी आणि बैलांच्या मानेने व्हायचे. दगडाची किंमत म्हणजे या मेहनतीची किंमत. एकदा घडवलेला दगड दुसऱ्या भिंतीत बसवला की ती मेहनत वाचे, म्हणून पडक्या वाड्याच्या दगडाला मागणी असे.

चुन्याच्या बांधकामात हे अधिक बारकाईने पाहण्यासारखे आहे. भाजलेली चुनखडी पाण्यात विरवायची, मग ती वाळूबरोबर चुन्याच्या घाणीत घालून बैलाने फिरवलेल्या दगडी चाकाखाली मळायची, हा क्रम दख्खनभर सारखा होता. चांगल्या कामाला त्यात गूळ आणि हिरड्याचे पाणी पडे. ओल लागणाऱ्या जागी, म्हणजे पायात, हौदात, गच्चीत, वाळूऐवजी किंवा वाळूसोबत सुरखी घालत. सुरखी म्हणजे भाजलेल्या विटांची बारीक पूड. तिच्यामुळे चुन्याला पाण्यातही घट्ट होण्याचा गुण येतो. म्हणजे ज्या विटेचा पाडताना तुकडा झाला ती वीटही वाया जात नव्हती, नव्या घराच्या घाणीत तिची गरज होती. अख्खी वीट मात्र अख्खीच राही, आणि त्याला कारण चुन्याचा मऊपणा. चुन्याचा थर विटेपेक्षा नरम असतो. भिंत उतरवताना गवंडी थापीची कड सांध्यात घालून वर हातोडीचा एक बेताचा ठोका देतो. सांधा सुटतो, वीट मोकळी होते. मग तीच थापी विटेच्या सहा अंगांवरून ओढली की चुना पिठासारखा खाली झडतो आणि वीट पुन्हा रचायला तयार. लाकडाचेही तसेच. तुळया, वासे, कडीपाट हे खाचांनी आणि खुंट्यांनी एकमेकांत बसवलेले असत, तेव्हा जोडले त्याच्या उलट क्रमाने ते सोडवताही येत. जमिनीवरची शहाबादी फरशी पहारीने उचलायची आणि दुसऱ्या अंगणात घालायची. पाडणे हा शब्द खरे तर या कामाला शोभत नाही, घर उतरवले जाई. त्या कामाला वेळ लागे, आणि त्या वेळाची मजुरी निघालेल्या मालाच्या किमतीतून सहज भागत असे.

इथे पहिला आक्षेप येतो आणि तो योग्य आहे. हा सगळा काटकसरीचा संसार स्वस्त मजुरीवर चालत होता. ज्या वडाराने दगड फोडला आणि ज्या बाईने डोक्यावरून टोपल्यांनी सुरखी वाहिली, त्यांच्या फुप्फुसात किती दगडाची धूळ गेली, याचा हिशेब कुणी ठेवलेला नाही. चुना भाजायला लागणारे लाकूडही कुठल्या तरी रानातून येत होते. शिवाय जुनी माणसे राडारोडा कुठे टाकतच नव्हती असेही नाही. आपल्याकडची गावे तर आपल्याच राड्यावर चढत आली आहेत. पूर्वीच्या हैदराबाद संस्थानातल्या पैठण किंवा तेरच्या पांढरीची टेकाडे म्हणजे पिढ्यान्‌पिढ्या कोसळलेल्या घरांची मातीच. खुद्द हैदराबादचे उच्च न्यायालय मुशीकाठी कुतुबशाही महालांच्या अवशेषांवर उभे आहे असे मानतात. हे सगळे मान्य करूनही फरक उरतो. पांढरीची माती ज्याच्या घराची असे त्याच्याच जागेवर बसे. तिचा भार शेजाऱ्याच्या दारात किंवा नदीच्या पात्रात जात नसे, आणि मातीची भिंत पुन्हा मातीत मिसळायला हरकत घेत नसे. मजुरीचा मुद्दा अधिक गंभीर आहे. पण त्यातून निघतो तो एवढाच निष्कर्ष, की जुनी पद्धत जशीच्या तशी आणता येणार नाही आणि आणूही नये. भाव नसलेल्या वस्तूला धनी राहत नाही, हे निरीक्षण त्याने खोटे ठरत नाही. उलट स्वस्त मजुरी हा त्या भावाचाच एक भाग होता.

१९०८ चा महापूर या कथेत टाळता येत नाही. २८ सप्टेंबरला मुशी शहरात शिरली. सुमारे १५,००० माणसे दगावली आणि सुमारे १९,००० घरे पडली असे आकडे नेहमी दिले जातात. वरच्या पाणलोटातले शेकडो तलाव एकामागून एक फुटले होते. उपायासाठी निजाम सरकारने अभियंते विश्वेश्वरय्यांना बोलावले. मुंबई इलाख्याच्या नोकरीत पुणे-नाशिककडे उमेदीची वर्षे काढलेला आणि खडकवासल्याला आपोआप उघडणारे दरवाजे बसवलेला हा माणूस महाराष्ट्राला चांगला परिचित. त्यांच्या योजनेतून १९२० मध्ये उस्मानसागर आणि १९२७ मध्ये हिमायतसागर झाले. १९१२ मध्ये शहर सुधारणा मंडळ आले, नदीच्या काठांना दगडी भिंती मिळाल्या, रस्ते रुंद झाले. राड्यारोड्याच्या दृष्टीने या पर्वातली महत्त्वाची गोष्ट ही, की नदीचे पात्र ही मोकळी जागा नव्हे, पाण्याची राखून ठेवलेली वाट आहे, हे शहराने तेव्हा फार मोठी किंमत मोजून मान्य केले होते. पुढच्या शंभर वर्षांत हीच समजूत टोपली-टोपलीने आणि मग टिपर-टिपरने बुजवली गेली.

त्या बुजवणीचे मूळ शोधायला मलकपेठेतून पश्चिमेला, पूर्वीच्या गुलबर्गा जिल्ह्यातल्या शहाबादला जावे लागते. मराठी घरातल्या न्हाणीघराला, ओट्याला, देवळाच्या सभामंडपाला ज्या गावाची फरशी लागत आली तेच हे गाव, तेव्हा निजामाच्या राज्यात. तिथला चुनखडीचा दगड थराथराने निघतो म्हणून त्याच्या फरश्या होतात. १९२० च्या दशकात त्याच दगडावर तिथे सिमेंटचा कारखाना उभा राहिला, आणि १९३६ मध्ये इतर कंपन्यांबरोबर शहाबाद सिमेंट कंपनी एसीसी या सिमेंट कंपनीत विलीन झाली. एकाच जमिनीतल्या दगडाचे हे दोन प्रवास समोरासमोर ठेवून पाहावेत. फरशी झालेला दगड शंभर वर्षांनी उचलून दुसरीकडे घालता येतो, फार तर कडा घासाव्या लागतात. सिमेंट झालेला दगड एकदा पाणी प्यायला की परत येत नाही. तो वाळूला, खडीला, विटेला आणि सळईला असा धरतो की सोडवताना धरलेली वस्तूच फुटते. चुन्याचा सांधा विटेपेक्षा मऊ होता. सिमेंटचा सांधा बहुतेक विटांपेक्षा कडक असतो. थापी सांध्यात घालून ठोका दिला तर आता फुटते ती वीट. सुरखीची गरज संपल्यामुळे त्या फुटक्या विटेलाही गिऱ्हाईक राहिले नाही. सिमेंटला यात दोष देण्याचे कारण नाही. त्याच्याशिवाय हैदराबादेतल्या लाखो कुटुंबांना पक्के छप्पर मिळालेच नसते. पण घर बांधण्याचे साहित्य बदलले की घर संपवण्याची रीतही बदलावी लागते, आणि तिकडे कुणाचे लक्ष गेले नाही.

लक्ष न जाण्याला सबब होती. सुरुवातीला सिमेंट इतके दुर्मिळ होते की ते जपूनच वापरले जाई. स्वातंत्र्यानंतर कितीतरी वर्षे ते परवान्यावर मिळे. त्याच्या वाटपावरून १९८२ मध्ये महाराष्ट्राच्या मुख्यमंत्र्यांना पद सोडावे लागले, हे वाचकांना आठवत असेल. त्याच वर्षी सिमेंटवरचे नियंत्रण अंशतः उठले आणि १९८९ मध्ये पूर्णपणे. दरम्यान १९५६ मध्ये हैदराबाद राज्याचे तीन तुकडे होऊन मराठवाडा इकडे आला आणि हैदराबाद आंध्र प्रदेशाची राजधानी झाले. राजधानीकडे माणसांचा ओघ लागला. मलकपेठेच्या बंगल्यांची आवारे तुकड्यातुकड्यांनी विकली गेली, त्यांवर एकमजली घरे आली, आणि सिमेंट मोकळे झाल्यावर त्याच एकमजली घरांच्या जागी तीन-चार मजले चढू लागले. विजयवाड्याकडे जाणारा रस्ता याच भागातून जात असल्याने, आणि २०१८ मध्ये मेट्रोची मलकपेठ व मूसारामबाग ही स्थानके सुरू झाल्याने, जमिनीचा भाव घराच्या भावाच्या कितीतरी पुढे गेला. इथे हिशेबच उलटला. पूर्वी घर पडले की माल उरे आणि माल म्हणजे पैसा. आता घर उभे असणे हाच जमिनीवरचा बोजा. मालकाला जागा लवकर मोकळी हवी. उशिराचा प्रत्येक आठवडा म्हणजे व्याज आणि भाडे. विटा साफ करत बसणे त्याला परवडत नाही.

पाडकामाचा ठेका कसा होतो, हे पाहिले म्हणजे धनी नेमका कोणत्या क्षणी नाहीसा होतो ते कळते. घरात सागवान आणि लोखंड भरपूर असेल तर ठेकेदारच मालकाला पैसे देतो. कमी असेल तर मालक ठेकेदाराला देतो. दोन्ही वेळी व्यवहार ‘उचलून न्यायच्या’ मालाचा असतो. चौकटी जुन्या लाकडाच्या दुकानात जातात, सळ्या भंगारातून रोलिंग मिलमध्ये. या दोन वस्तूंचा पुनर्वापर सरकारच्या कोणत्याही योजनेविना शंभर टक्क्यांच्या जवळपास होतो, कारण त्यांना भाव आहे. उरलेल्या ढिगाविषयी करारात, तो लेखी असो की तोंडी, एवढेच असते: ‘जागा साफ करून द्यायची’. या तीन-चार शब्दांत ढीग मालकाच्या हातून सुटतो आणि ठेकेदाराच्या हाती पडत नाही. ठेकेदाराच्या दृष्टीने तो फक्त डिझेलचा खर्च आहे. जितका जवळ रिकामा होईल तितका नफा, आणि मलकपेठेपासून सर्वांत जवळची, राखण नसलेली, विचारणारे कुणी नसलेली जागा म्हणजे मुशीचा काठ. चादरघाट आणि मूसारामबाग यांच्या दरम्यान नदीकाठी राडारोडा टाकला जातो, ही तक्रार वर्षानुवर्षे होत आली आहे. टाकणाऱ्याला पकडून दंड करणे जरुरीचे आहेच, पण तो माणूस या साखळीतला शेवटचा आणि सर्वांत स्वस्त दुवा आहे. त्याला ही फेरी देणारा करार तसाच राहिला तर उद्या दुसरा चालक येईल.

भरावाचे काय, असे कुणी विचारील. सखल जागेत घर बांधायचे तर जोते उंच करावे लागते, आणि जोत्यात भरायला राड्यारोड्याहून स्वस्त काय आहे? हा त्याचा सदुपयोगच नव्हे का? योग्य जागी, निवडून आणि धुमसून घातलेला भराव हा सदुपयोग आहे, यात वाद नाही. पण नदीकाठच्या वस्तीत तो कसा चालतो ते पाहा. पाणी शिरते म्हणून एक घर दोन फूट वर जाते. त्याच्या वाट्याचे पाणी शेजारच्या खालच्या घरात जाते. पुढच्या डांबरीकरणात रस्ता चढतो, मग खालचे घर आणखी खाली राहते, तेही भराव मागू लागते. दरम्यान काठावरचा राडारोडा पात्र आकसवत असतो. ऑक्टोबर २०२० मध्ये मुशीला पूर आला तेव्हा मूसारामबागेचा जुना बुटका पूल पाण्याखाली गेला आणि चादरघाटजवळच्या मूसानगर, शंकरनगर या वस्त्यांत पाणी भरले. सप्टेंबर २०२५ मध्ये जवळजवळ तेच चित्र पुन्हा दिसले. या पुरांना राडारोडाच कारण, असे म्हणणे अतिशयोक्तीचे होईल; वरच्या धरणांतून सोडलेले पाणी, पात्रातली वस्ती, तुंबलेले नाले ही कारणे मोठी आहेत. मात्र बाकीची कारणे हटवायला वर्षे लागतात. पात्रात रोज रिकामा होणारा टिपर थांबवायला तसे लागत नाही. शिवाय त्या पाण्यात ज्यांची घरे बुडतात ते बहुधा तीन मजली घर बांधणारे नसतात.

२०२४ च्या ऑक्टोबरात शंकरनगर भागात जे घडले, ते या इतिहासातले एक विलक्षण पान आहे. मुशी पुनरुज्जीवनाच्या योजनेसाठी पात्रातल्या घरांवर लाल रंगात ‘आरबी-एक्स’ अशी अक्षरे उमटली, काही कुटुंबांना दोन शयनगृहांच्या सरकारी घरांत हलवले गेले, आणि मागे राहिलेली घरे पाडायला मजूर आले. गल्ल्या इतक्या अरुंद की यंत्र आत जाईना, म्हणून घणांनी आणि पहारींनी. पुनर्वसन न्याय्य झाले की नाही, हा मोठा आणि वेगळा वाद आहे. इथे एवढेच नोंदवायचे, की हाताने पाडलेले घर आजही बऱ्याच अंशी सुटे होते. गरिबाच्या घरातला पत्रा, दार, विटा यांना त्याच्या लेखी अजून किंमत असते. म्हणजे जुनी रीत मेलेली नाही; ती फक्त ज्याला वस्तू परवडत नाहीत त्याच्यापुरती उरली आहे. टंचाई असली की माणसे वीट जपतात, हे युद्धानंतरच्या बर्लिननेही दाखवले. ढिगाऱ्यांत बसून बायकांनी विटा साफ केल्या, त्या नव्या भिंतींत गेल्या. आणि जे वापरता आले नाही त्याची टॉयफेल्सबर्ग नावाची टेकडी झाली.

मग टंचाई संपली की सगळेच संपले, असे म्हणावे का? तसे नाही, कारण भाव निसर्गतःच यावा लागतो असे नाही, तो ठरवताही येतो. ब्रिटनने १९९६ मध्ये कचरा जमिनीत पुरण्यावर कर बसवला आणि २००२ मध्ये खाणीतून काढलेल्या नव्या खडी-वाळूवर. राडारोडा टाकणे महाग झाले आणि ताजी खडीही महाग झाली. दोन्ही बाजूंनी दाबल्यावर पुन्हा वापरलेल्या खडीचा एकूण वापरातला वाटा सुमारे चतुर्थांशावर गेला. आपल्याकडे नियम झाले ते मुख्यतः मोठ्यांना पकडणारे. २०१६ च्या बांधकाम व पाडकाम कचरा नियमांनी राडारोडा वेगळा ठेवण्याची आणि नेमून दिलेल्या जागी पोचवण्याची जबाबदारी प्रत्येकावर टाकली खरी, पण आराखडा सादर करून मंजुरी घेण्याचे बंधन दिवसाला २० टन किंवा एका प्रकल्पात महिन्याला ३०० टन निर्माण करणाऱ्यांवर होते. १ एप्रिल २०२६ पासूनच्या नव्या नियमांतली उत्पादकाच्या विस्तारित जबाबदारीची अट तर २०,००० चौरस मीटर आणि त्याहून मोठ्या प्रकल्पांना आहे. आता मलकपेठेतले नेहमीचे उदाहरण घेऊ. केंद्र सरकारच्या टायफॅक या संस्थेने २००१ मध्ये दिलेल्या अंदाजानुसार पक्के-अर्धपक्के घर पाडताना चौरस मीटरमागे ३०० ते ५०० किलो राडारोडा निघतो आणि नवे बांधताना ४० ते ६० किलो. २०० चौरस मीटरचे जुने घर म्हणजे ६० ते १०० टन. त्या जागी ६०० चौरस मीटरचे नवे घर म्हणजे आणखी २४ ते ३६. सगळे मिळूनही २०१६ च्या नियमांतले महिन्याचे ३०० टन होत नाहीत. यंत्राने दोन दिवसांत पाडले तर दिवसाच्या २० टनांची रेषा ते कागदोपत्री नक्की ओलांडते. पण ते मोजायला तिथे कोण उभे असते? घरामागून घर असे पाडत सबंध वसाहत बदलून जाते आणि एकही घर ‘मोठे’ ठरत नाही.

दुसऱ्या बाजूला, राडारोडा न्यायला जागाच नाही, ही सबब हैदराबादेत आता चालण्यासारखी नाही. रोज ५०० टन राडारोडा दळू शकणारे प्रकल्प जीडीमेटला आणि नागोलजवळच्या फतुल्लागुडा इथे आहेत, आणि फतुल्लागुडा मलकपेठेपासून काही किलोमीटरवर. दिल्लीत बुराडीला असा पहिला प्रकल्प २००९ मध्येच झाला होता. राडा भरडून, चाळून, धुऊन त्यातून खडी, वाळू, पेव्हर ब्लॉक करता येतात. ‘पण ते कच्चे असते’ हा गवंड्यांचा आणि इंजिनिअरांचा आक्षेप निराधार नाही: जुन्या सिमेंटचा थर चिकटलेली खडी जास्त पाणी शोषते, आणि विटा-काँक्रीटची मिसळ तर बेभरवशाची. म्हणूनच आयएस ३८३ या प्रमाणकाने २०१६ मध्ये मर्यादा घातल्या आहेत. निव्वळ काँक्रीटपासून केलेली खडी साध्या काँक्रीटमध्ये २५ टक्क्यांपर्यंत, एम-२५ दर्जापर्यंतच्या सळईच्या काँक्रीटमध्ये २० टक्क्यांपर्यंत, आणि एम-१५ हून हलक्या काँक्रीटमध्ये पूर्णपणे चालते. विटांची मिसळ मात्र फक्त या शेवटच्या कामाला. जोत्याखालचा कोबा, फुटपाथ, कुंपणाचा पाया यांना एवढे पुरते. आणि मिसळ होऊ द्यायची नसेल तर ती यंत्रात नव्हे, पाडतानाच टाळावी लागते. स्लॅब आधी, विटा नंतर, गिलावा वेगळा, असे क्रमाने पाडायला चार-पाच दिवस जास्त लागतात. पुन्हा वेळेचाच प्रश्न, पुन्हा करारातच त्याचे उत्तर.

माझ्या मते हैदराबादकडे यासाठी लागणारे हत्यार आधीच आहे. २०१२ पासूनच्या इथल्या इमारत नियमांत मंजुरी घेताना एकूण बांधकामाच्या १० टक्के भाग महानगरपालिकेकडे गहाण ठेवावा लागतो. इमारत नकाशाबरहुकूम झाली की तो सुटतो. छोट्या घरांना त्यातून सूट आहे. नकाशा पाळला की नाही यासाठी गहाण घेता येते, तर जुन्या घराचा राडारोडा कुठे गेला यासाठी का नाही? घराच्या क्षेत्रफळावरून टनांचा अंदाज बांधायचा, तेवढ्याची अनामत घ्यायची, आणि फतुल्लागुड्याच्या काट्यावरच्या वजनाच्या पावत्या आणून दिल्या की ती परत करायची. मालक मग आपण होऊन ठेकेदाराला विचारील की टिपर कुठे गेला, कारण पावती त्याला हवी असेल. घर बांधणाऱ्यावर आधीच बोजा आहे, त्यात ही भर कशाला, हा आक्षेप येणार. भर पडेल, हे कबूल. पण तो खर्च आज नाहीसा झालेला नाही, तो मूसानगरातल्या घरात पाणी होऊन शिरतो आणि नाले उपसायच्या महानगरपालिकेच्या खर्चात लपतो. बदलायचे आहे ते फक्त तो कुणी भरायचा, हे. खोट्या पावत्या होतील, हाही आक्षेप खरा आहे. गहाणाच्या नियमातही पळवाटा निघाल्याच, तरी तो नियम नसता तर अवस्था याहून वाईट असती.

अडचण उरते ती खालच्या टोकाला. २०२० च्या कायद्याने ७५ चौरस गजांपर्यंतच्या प्लॉटवर सात मीटर उंचीपर्यंत घर बांधायला मंजुरी लागत नाही, एक रुपया भरून नोंदणी केली की झाले. गरिबाला खेटे घालायला लावू नयेत म्हणून केलेली ही सोय रास्तच आहे आणि तिच्यावर अनामतीचे ओझे घालू नये. अशा घराचा राडारोडा थोडा असतो, पण घरे पुष्कळ असतात आणि गल्लीत टिपर शिरत नाही. तिथे नोंदणीच्या वेळीच घरमालकाला एक तारीख आणि कोपऱ्यावरची एक जागा ठरवून द्यावी, तिथून पुढे महानगरपालिकेने तो स्वखर्चाने उचलावा, आणि हातगाडीने तिथपर्यंत आणून देणाऱ्या मजुराला वजनावर पैसे द्यावेत. भंगारवाल्याला सळईचे वजन करून पैसे मिळतात, तसेच.